मेळ्यातला खेळ सच्चा की बनवलेला: पैसे देण्याआधी कसं ओळखावं आणि धाड पडली तर काय करावं

माझी सगळी नोकरी वजनं-मापं तपासण्यात गेली. काटा खरं दाखवतो का, मापाला आतून तळ चढवलेला नाही ना, हे बघायचं आणि खोटं निघालं तर जप्त करायचं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पोलीस मला मेळ्यांमधल्या खेळांच्या तपासणीला सोबत न्यायला लागले. बाटली हातात घेऊन "ही जड लागते" असं कुणीही म्हणेल. तिचं वजन सही करून कागदावर लिहून देणारं माणूस त्यांना हवं होतं. निवृत्त झाल्यावरही बोलावणं येतं आणि मी जाते.

या फेऱ्यांमध्ये पाहिलेली एक गोष्ट मनातून जात नाही. फसलेल्या माणसाला सगळे हावरट म्हणतात. पण त्या काउंटरपाशी उभी असलेली बहुतेक माणसं पोराला एक टेडी जिंकून द्यावा एवढ्यासाठीच खिशात हात घालत असतात. आणि धाड पडली की हीच गर्दी पोलिसांवर उलटते. "गरिबाच्या पोटावर पाय कशाला देता?" "मोठे चोर सोडून इथे कशाला आलात?" मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येत नाही. लोकांना फसवणूक दिसलेलीच नसते. दिसतो तो फक्त स्टॉलवरचा रडवेला पोरगा आणि त्याचं सामान उचलणारे पोलीस. म्हणून माझं म्हणणं एवढंच: खेळ सगळ्यांसमोर उघडा करून मोजा. तुम्ही गिऱ्हाईक असाल तर पैसे देण्याआधी, पोलीस असाल तर जप्तीआधी.

आधी अवघड आणि बनवलेला यांतला फरक

अवघड खेळ म्हणजे फसवणूक नव्हे. वर एका टोकाला आणि खाली एका टोकाला अडकवलेली, हात लावताच उलटणारी दोरीची शिडी तुम्ही पाहिली असेल. शंभरातले पंचाण्णव जण तिच्यावरून पडतात. पण ती शिडी तुमच्यापासून काहीच लपवत नाही. ती गोल फिरते हे दिसतं, सरावलेला माणूस दोन्ही कडांवर वजन वाटून वर चढतो आणि स्टॉलवाला चढून दाखवतो तीही तीच शिडी असते. हा सच्चा खेळ.

बनवलेल्या खेळात तुम्हाला दिसतं एक आणि असतं दुसरं, किंवा स्टॉलवाल्याचा खेळ वेगळा आणि तुमचा वेगळा. माझ्या सगळ्या तपासण्या या दोन प्रश्नांवर चालतात: काय लपवलंय, आणि दाखवताना जे केलं तेच गिऱ्हाइकाला करायला मिळतंय का?

बाटल्यांचा मनोरा

खाली दोन, वर एक अशा तीन बाटल्या आणि पाडायला एक चेंडू. सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त बनवला जाणारा हा खेळ, म्हणून इथे जरा थांबते.

तिन्ही बाटल्या एका रंगाच्या, एका उंचीच्या. पण एकीच्या बुडाशी शिसं ओतलेलं असतं. एका तपासणीत मी दोन बाटल्या तोलल्या त्या ४१० आणि ४१५ ग्रॅम भरल्या. तिसरी १ किलो ३४० ग्रॅम. ही तिसरी खालच्या ओळीत ठेवतात, आणि जोडीदारणीपेक्षा अर्धा-पाऊण इंच पुढे. चेंडू आधी हिच्यावर आदळतो, त्याचा सगळा जोर हिच्यातच जिरतो आणि ही हलली तरी पडत नाही. चेंडूही बहुतेक वेळा हलका, आत बुचाचा भुगा भरलेला असतो. स्टॉलवाला स्वतः फेकून दाखवतो तेव्हा मात्र जड बाटली वर असते. खालच्या दोन हलक्या बाटल्यांना चेंडू लागला की वरची आपल्याच वजनानं खाली येते. बघणाऱ्याला वाटतं, किती सोपं आहे.

तुम्ही काय करायचं? मांडणीकडे बाजूनं बघा. खालच्या दोन्ही बाटल्यांची पुढची कड एका रेषेत आहे का? मग सरळ विचारा, "बाटल्या हातात घेऊन बघू का?" सच्चा स्टॉलवाला देतो. मी शंभरदा पाहिलंय, तो हसत देतो. जो देत नाही त्याच्याकडे पैसे काढू नका. हातात मिळाल्या तर दोन हातांत दोन घ्या, डोळे मिटा आणि अदलाबदल करा. तिप्पट फरक असेल तर काट्याची गरज पडत नाही, मनगट सांगतं. एक सूचना: काही लोक लोहचुंबक घेऊन जातात. शिशाला चुंबक लागत नाही, त्यामुळे चुंबक चिकटला नाही म्हणजे बाटली निर्दोष असं समजू नका.

मागे लोंबणारं कापडही बघा. ते बाटल्यांना टेकलेलं असेल तर पडणारी बाटली त्यावर रेलून उभी राहते. आणि खेळणारच असाल तर वरच्या बाटलीवर नेम धरू नका. खालच्या दोघींच्या मधल्या फटीत, शक्य तितका खाली मारा.

टोपलीत चेंडू

तिरकी ठेवलेली टोपली किंवा टब, त्यात चेंडू टाकायचा आणि तो आत राहायला हवा. तळ ताणलेल्या पडद्यासारखा असतो, चेंडू उसळून बाहेर येतो. पण स्टॉलवाला टाकतो तेव्हा आत राहतो, आणि तुमच्या सरावाच्या फेकीतही राहतो. कारण टोपलीत आधीच एक चेंडू पडलेला असतो. तुमचा चेंडू त्या चेंडूवर आदळतो, जोर तिथेच संपतो आणि दोन्ही आत विसावतात. पैसे घेतल्यावर तो पहिला चेंडू सहज उचलला जातो. "मोकळी करून देतो हं" असं म्हणत उचलतात, जणू तुमच्यावर उपकारच.

म्हणून सरावाच्या फेकीआधी टोपलीत डोकावून बघा. आत चेंडू असेल तर म्हणा, खरी फेकही असाच चेंडू ठेवून घेईन. शिवाय तो कुठून टाकतो ते पाहा. तो काउंटरच्या आतून, टोपलीच्या बाजूनं, हातभर अंतरावरून टाकतो आणि तुम्ही समोरून.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात एका माणसानं याच प्रकारच्या खेळात २,६०० डॉलर घालवले. सरावात चेंडू आत राहत होता, पैसे लावल्यावर बाहेर यायला लागला. ३०० डॉलर गेल्यावर तो घरी गेला, उरलेली सगळी शिल्लक घेऊन परत आला आणि तीही गेली. तक्रारीनंतर त्याला ६०० डॉलर परत मिळाले आणि एक माणसाएवढं कापडी केळं. जगभर बातमी झाली आणि लोक त्याला हसले. मला मात्र त्या बातमीत एक नेहमीचा क्षण दिसला: गेलेले पैसे परत मिळवायला दुप्पट लावण्याची तयारी. तो क्षण मी काउंटरपाशी शिकल्या-सवरल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलाय. त्यांना हसणाऱ्यांमुळेच पुढचा फसलेला माणूस तक्रार द्यायला येत नाही.

बास्केटबॉल

नियमाप्रमाणे कडं १८ इंच व्यासाचं, जमिनीपासून १० फुटांवर आणि चेंडू साडेनऊ इंचांच्या आसपास. म्हणजे कड्यात चेंडूच्या जवळजवळ दुप्पट जागा. मेळ्यातलं कडं बऱ्याचदा दाबून अंडाकृती केलेलं असतं. समोरून रुंदी पुरेशी दिसते, पण पुढून मागे ते चिंचोळं. समोर उभं राहून हे कळतच नाही. बाजूला जा आणि खालून वर बघा. कडं उंचही लावतात, त्यामुळे रोज खेळणाऱ्याच्या हाताचा अंदाज चुकतो.

दुसरी युक्ती हवेची. चेंडू टम्म भरला की कड्याला लागताच उडून जातो. खांद्यापासून नुसता सोडा. साधारण कमरेपर्यंत उसळला तर ठीक, छातीपर्यंत आला तर हवा जास्त आहे. न्यू जर्सीत २०२२ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या अशाच खेळांत जास्त हवा भरलेले चेंडू सरकारी तपासणीत सापडले, चालकाला दंड झाला आणि १० वर्षं असे खेळ चालवायला बंदी आली. हवेच्या दाबासारखी क्षुल्लक वाटणारी गोष्ट मोजून कारवाई टिकते, हे त्यावरून दिसतं.

साखळीचा गोळा

साखळीला लटकवलेला जड गोळा, खाली एक उभी पिन. गोळा पिनीच्या बाजूनं पुढे जाऊ द्यायचा आणि परत येताना पिन पाडायची. यात काहीच लपवलेलं दिसत नाही, म्हणून तो मला सर्वांत कपटी वाटतो.

पिन जर साखळीच्या टांगणीच्या बरोब्बर खाली असेल तर जिंकणं जवळपास अशक्य आहे. जाताना गोळा पिनीच्या उजवीकडून चार बोटं अंतरानं गेला तर येताना तो डावीकडून तितक्याच अंतरानं येतो, कारण त्याची वाट त्या मध्याभोवती दोन्हीकडे सारखी असते. तुमचा हात कितीही सराईत असो. स्टॉलवाला दाखवताना पिन मध्यापासून जरा सरकवून ठेवतो, बोटभर पुरतं. मग परतीचा गोळा पिनीवरच येतो. तुमच्या वेळी पिन पुन्हा मध्यावर.

तपासणीला ओळंबाही लागत नाही. पिन उचलायला सांगा, गोळा स्थिर लटकू द्या आणि त्याच्या टोकाखाली खडूनं फुली मारा. मग पिन कुठे ठेवतात ते बघा. एका ठिकाणी मी ही फुली मारली तेव्हा गर्दीतला एक दहावीतला मुलगा पुढे आला आणि त्यानंच बाकीच्यांना समजावून सांगितलं. माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांना त्याचं पटलं.

पाच चकत्या आणि लाल गोल

टेबलावर मोठा लाल ठिपका आणि पाच धातूच्या चकत्या. ठिपका पूर्ण झाकायचा, लाल कुठेही दिसायला नको, आणि एकदा टाकलेली चकती हलवायची नाही. याचं गणित गंभीर लोकांनी केलंय. १९१५ मध्ये एरिक नेव्हिल या इंग्रज गणितज्ञानं त्यावर लेख लिहिला. १९१४ मध्ये मद्रासला आलेले असताना रामानुजन यांना केंब्रिजला यायला राजी करणारे ते हेच. उत्तर असं की चकतीचा व्यास ठिपक्याच्या व्यासाच्या किमान ०.६०९ पट हवा. २० सेंटिमीटरचा ठिपका असेल तर चकती १२.२ सेंटिमीटर. आणि फुलाच्या पाकळ्यांसारखी सरळ मांडणी केलीत तर ०.६१८ पट, म्हणजे जवळजवळ १२.४. या दीड-दोन मिलिमीटरांत सगळा धंदा आहे.

टेप काढा, ठिपका दोन-तीन दिशांनी मोजा, चकती मोजा. चकती ०.६ पटीपेक्षा लहान असेल तर जगातला कुणीही तो ठिपका झाकू शकत नाही, आणि ते तिथल्या तिथे बोलून दाखवा. ठिपका ताणता येणाऱ्या कापडावर असेल तर खेळूच नका.

फुगे, कड्या, बंदुका

यांचं थोडक्यात. फुगे अर्धवट फुगवलेले आणि बाणांची टोकं बोथट असतील तर बाण आदळून खाली पडतो. बाणाचं टोक बोटाला लावून बघा. काही ठिकाणी फुगे सहज फुटतात, पण मागच्या चिठ्ठ्यांपैकी जवळपास सगळ्यांवर लहान बक्षीस असतं. चार न फोडलेल्या फुग्यांमागच्या चिठ्ठ्या उघडून दाखवायला सांगा. बाटलीच्या गळ्यात टाकायची कडक प्लास्टिकची कडी काचेवर आपटून उडते. हा बहुधा नुसता फार अवघड खेळ असतो, बनवलेला असेलच असं नाही. लाकडी ठोकळ्यावरून कडी घालायची असेल तर मात्र ठोकळ्याचा माथा बघा. तो मागच्या बाजूला उतरता असेल तर मागून घातलेली कडी बसते, समोरून टाकलेली बसत नाही, आणि स्टॉलवाला नेमका मागे उभा असतो. छर्‍यांच्या बंदुकीनं कागदावरचा लाल तारा पूर्ण उडवायचा असतो तिथे ताऱ्यावर मारू नका, त्याच्या भोवती गोल कापत जा म्हणजे तुकडा आपोआप सुटतो.

गोट्या आणि गुणांचा तक्ता: इथे अजिबात बसू नका

आतापर्यंतच्या खेळांत एक-दोन फेकींचे पैसे जातात. हा खेळ घर बुडवतो. एका फळीवर शंभराहून जास्त भोकं, प्रत्येकाखाली १ ते ६ मधला एक आकडा. तुम्ही ८ गोट्या टाकायच्या, आकड्यांची बेरीज करायची, आणि तक्त्यात त्या बेरजेसमोर जे गुण असतील ते मिळवायचे. १०० गुण झाले की मोठं बक्षीस. तक्ता रंगीत असतो, त्यातले अर्धे रकाने गुणांनी भरलेले, काहींत तर एकदम ५० किंवा १००. बघणाऱ्याला वाटतं की दोनदा टाकलं तर एकदा गुण मिळणारच.

बेरीज ८ ते ४८ मध्ये कुठेही येऊ शकते हे खरं. पण आठ फासे टाकल्यासारखाच हा प्रकार आहे, बेरीज मधेच गोळा होते. सगळे आकडे सारखे वाटलेले धरले तरी १०० पैकी सुमारे ९७ फेकींत ती १८ ते ३८ च्या दरम्यान येते. नेहमीच्या तक्त्यात गुण असतात ते १७ किंवा त्याखाली आणि ३९ किंवा त्यावर. मधल्या रकान्यांत शून्य. आणि २९ वर लिहिलेलं असतं: बक्षीस वाढलं, पण प्रत्येक फेकीचा दर दुप्पट. २९ ही बेरीज साधारण बारा फेकींत एकदा येते. शंभर फेकींत आठ वेळा दुप्पट धरा, म्हणजे एका फेकीची रक्कम सुरुवातीच्या २५६ पट.

मग लोक खेळत का राहतात? कारण सुरुवातीला गुण मिळतात. स्टॉलवाला गोट्या उचलत-उचलत भरभर बेरीज करतो आणि पहिल्या दोन-चार फेकींत मुद्दाम तुमच्या बाजूनं चुकतो. तुमचे ७०, ८० गुण होतात. त्यानंतर तो खरी बेरीज करतो, बास. त्याला दुसरी काही लबाडी करावीच लागत नाही. याच खेळात क्युबाची राजधानी हवाना इथल्या कसिनोंमध्ये अमेरिकन पर्यटकांना लुटत होते. १९५३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या साप्ताहिकानं ते छापलं, बोभाटा झाला आणि तिथला हुकूमशहा बातिस्ता याच्या राजवटीनं खेळ चालवणाऱ्या अमेरिकनांना पकडून देशाबाहेर काढलं.

कुणी ओळखीचं तिथे बसलेलं दिसलं तर हाताला धरून उठवा. "८० गुण झालेत, २० च राहिलेत" असं ते म्हणतील. ते २० कधीच येत नाहीत.

पंटर ओळखा

मोठा टेडी काखेत घेऊन "किती सोपं आहे, दोन फेकीत मिळाला" असं सांगत फिरणारा माणूस दिसला की थोडा वेळ त्याच्यावर नजर ठेवा. तो पंटर, म्हणजे गिऱ्हाईक असल्याचं सोंग घेतलेला स्टॉलवाल्याचाच माणूस असू शकतो. एका मेळ्यात आम्ही एक जांभळा हत्ती पाहिला, कान जरा उसवलेला. एका तासात तो तीन वेगवेगळ्या माणसांच्या काखेत दिसला आणि तिन्ही वेळा स्टॉलच्या मागच्या पडद्यातून आत गेला. त्या उसवलेल्या कानाचा फोटो पुढे पुराव्यात लागला. पंटर तुमच्याशी आपुलकीनं बोलतो, तुमची बाजू घेऊन स्टॉलवाल्याशी खोटं भांडतोसुद्धा. खरा जिंकलेला माणूस टेडी घेऊन घरी जातो.

संशय आला तर

भांडू नका. भांडलात की तो तुमचे पैसे परत देऊन तुम्हाला वाटेला लावतो, आणि पुढच्या पाच मिनिटांत जड बाटली गायब होते. त्यापेक्षा पाच पावलं मागे या आणि पंधरा-वीस मिनिटं बघा. किती जण खेळले, किती जिंकले, दाखवताना मांडणी कशी होती आणि गिऱ्हाइकाच्या वेळी कशी, हे वेळेसकट लिहून काढा. फोनवर चित्रण करा, स्टॉलचा नंबर आणि पाटी त्यात येऊ द्या. तिकीट किंवा पैसे दिल्याची पावती जपा. मग मेळ्याच्या आयोजकाकडे आणि पोलिसांकडे, दोघांकडेही जा. फक्त आयोजकाकडे गेलात तर बऱ्याचदा तो स्टॉलवाल्याला सावध करतो.

तक्रारीत "त्यानं मला फसवलं" एवढंच लिहू नका. असं लिहा: "दाखवताना टोपलीत एक चेंडू होता, माझ्या वेळी तो काढला. अंतर दोन मीटर. मी सहा वेळा टाकले, सहाही बाहेर आले." असा कागद हातात आला की अधिकारी उठतो. "मला वाटतं" आणि "नक्कीच" या शब्दांवर कुणी उठत नाही.

धाडीच्या वेळी: पोलिसांनी आणि गर्दीनं

माझ्या पहिल्या धाडीत सगळं चुकलं. साध्या वेशातल्या दोघांनी खेळून पाहिलं, खूण केली, गाडी आली आणि दहा मिनिटांत बाटल्या, चेंडू, टेडी सगळं पोत्यांत भरून नेलं. ठाण्यावर पोतं उघडलं तेव्हा कुठली बाटली कुठे उभी होती हे कुणालाच सांगता येईना. जड बाटली सापडली, पण ती मांडली होती कशी याचा पुरावा नव्हता. स्टॉलचा मालक म्हणाला, ती दुरुस्तीला ठेवली होती. पुढे काहीच झालं नाही. आणि मेळ्यातले लोक काय म्हणाले? हप्ता मिळाला नाही म्हणून आले होते. मला ते फार लागलं, कारण त्या दिवशी तरी ते खरं नव्हतं आणि ते खोटं आहे हे दाखवायला आमच्याकडे काहीही नव्हतं.

पुढच्या वेळी मी आधीच सांगितलं, पोतं आणायचं नाही, टेबल आणायचं. गेल्या-गेल्या मांडणी आहे तशी ठेवून चारी बाजूंनी फोटो, जमिनीपासूनची मापं, बाटल्यांखाली खडूच्या खुणा. मग काउंटरवरच काटा मांडला. गर्दी जमली होती, कुरकुर सुरू झाली होती. मी पुढे उभ्या असलेल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलीच्या आईला विचारलं, हिला दोन बाटल्या उचलू देता का? मुलीनं पहिली एका हातानं उचलली. दुसरीला एक हात लावला, मग दुसराही लावला, आणि आईकडे वळून म्हणाली, "आई, ही चिकटलीय." मागे एकदम शांतता झाली. मग कुणीतरी म्हणालं, वजन करा. काट्यावरचा आकडा मी मोठ्यानं वाचला, गर्दीतल्या दोघांनी पंच म्हणून सह्या केल्या. त्या दिवशी पोटावर पाय कुणी म्हणालं नाही.

पण शांततेनंतर दुसरंच काहीतरी उसळलं. मागून लोक पुढे आले आणि त्यांनी काउंटरवरच्या पोराची गचांडी धरली. सतरा-अठरा वर्षांचा असेल. मला म्हणत होता, "मावशी, मी फक्त मांडतो, मालक सांगतो तशी मांडतो." हे खरं होतं. मालक केव्हाच मागच्या बाजूनं निघून गेला होता. म्हणून पोलिसांसाठी माझी सूचना: पहिला माणूस त्या पोराच्या बाजूला उभा करा आणि दुसरा स्टॉलच्या मागे. पोरगा रोजंदारीवर असतो, शिसं कुणी ओतलं आणि गल्ला कुणाकडे जातो हे त्यालाच माहीत असतं. मार खाल्लेला पोरगा साक्ष देत नाही, पळून जातो.

आणि तुम्ही गर्दीत असाल तर सामानाला हात लावू नका. रागानं आपटलेली टोपली, फाडलेला तक्ता, घरी आठवण म्हणून नेलेली चकती, यातलं प्रत्येक म्हणजे गेलेला पुरावा. पैसे परत हवे असतील तर नाव आणि रक्कम नोंदवल्याशिवाय तिथून हलू नका. चित्रण असेल तर मूळ फाइल जपून ठेवा, कापून-जोडून पुढे पाठवू नका. शेजारचे सगळे स्टॉलवाले चोर आहेत असंही ओरडू नका. त्याच दिवशी शेजारच्या शिडीवाल्यानं स्वतःहून मला बोलावलं, "ताई, माझीही तपासा आणि तसं लिहून द्या." मी शिडीची दोन्ही टोकं पाहिली, त्याला एकदा चढून दाखवायला लावलं, आणि "लपवलेलं काही आढळलं नाही" असं लिहून तारीख टाकली. तो कागद त्यानं प्लास्टिकमध्ये घालून खांबाला बांधला. संध्याकाळी परतताना त्याच्यासमोर रांग होती.